सहा जणांची टोळी, त्यात एक जिवंत

माझ्या मुलीच्या, गुड्डीच्या, मुलाचं बारसं आमच्याकडे धारला झालं त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसची, ही गोष्ट. मुलाचं नाव अनीश ठेवलं. पाळणा माळ्यावर होता, आणि पाळण्याच्या पुढे माझ्या मुलाचा, अंबरीशचा, कॉलेजातला कॉम्प्युटर बसून होता. त्याला हलवल्याशिवाय पाळणा निघेना. म्हणून तो खाली आला, आणि खाली आला तो आलाच.

अंबरीश पुण्याहून बारशाला आला होता. म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका." भंगारवाल्याने तो तराजूत घातला, नाक मुरडलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू पुढचा नंबर माझाच. ज्या वस्तूपायी आम्ही नवराबायकोने दोन दिवाळ्या जुन्या कपड्यांत काढल्या, तिच्याकडे पाहून कोणी नाक मुरडावं हे मला सहन झालं नाही. मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

नाक्यावर मोनूचं दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीचा गडी, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ. त्याने डबा उघडून आत फुंकर मारली आणि धुळीतून म्हणाला, "काका, ये चालू हो गया तो मैं दुकान बंद करके संन्यास ले लूँगा." तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू झाला. मोनूने संन्यास घेतला नाही. हल्ली शब्दाला किंमत राहिलेली नाही.

कॉम्प्युटरमध्ये बाकी सगळं पुसलं गेलं होतं. एक खेळ तेवढा शिल्लक होता, तोही इंग्रजीत. मी आयुष्यभर टेम्पो चालवला. मराठी अक्षरं मला साठीला टेकल्यावर आली, तीही शेजारच्या सुमंगलावहिनींच्या कृपेने. रोज दुपारी ओट्यावर बसवून शिकवायच्या. "खंडोजी, हा ळ आहे की जिलबी?" असं विचारायच्या आणि पुसून पुन्हा काढायला लावायच्या. त्यामुळे इंग्रजी खेळासाठी मला वहिनींच्या यजमानांना, गोपाळराव भोईटे मास्तरांना, बोलवावं लागलं. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, घरात एकटे. वहिनींबद्दल पुढे सांगतो.

मास्तरांनी चष्मा पुसून खेळ वाचला आणि मला समजावला. एक गाव आहे. गावाखाली दहा मजले खोल भुयार आहे. सहा माणसांची टोळी करायची, तीन पुढे आणि तीन मागे. कोणी तलवारवाला, कोणी मंत्रवाला, कोणी पुजारी, कोणी कुलपं उघडणारा चोर. त्यांना घेऊन खाली उतरायचं. दिसतं काहीच नाही, नुसत्या पांढऱ्या रेघांच्या भिंती आणि काळा अंधार. कोपऱ्यावर कोणीतरी भेटतं आणि मारामारी होते.

"आणि मेलं तर?" मी विचारलं.

"मेलं तर मेलं. हा खेळ लगेच लिहून ठेवतो, मागे फिरायची सोय नाही. प्रेत वर आणलं तर गावात मंदिर आहे, तिथे उठवायचा प्रयत्न करतात. जमलं तर माणूस उठतो. नाही जमलं तर राख होते. राखेतूनही एकदा प्रयत्न करता येतो. तोही फसला तर नाव कायमचं पुसलं जातं."

"आणि सगळेच खाली मेले तर?"

"मग दुसरी टोळी पाठवून त्यांना उचलून आणायचं. पण टोळी सहाचीच. जितक्या जागा रिकाम्या ठेवून जाल, तितकीच प्रेतं वर येतील."

मी म्हणालो, "म्हणजे खांदेकरी मोजून न्यायचे." मास्तर हसले नाहीत.

मोनूने सांगितलं होतं की टोळी करायची एक ठरलेली रीत असते. तगडे पुढे, नाजूक मागे. पण गल्लीत बातमी गेली आणि रीत बाजूला राहिली. आमची गल्ली म्हणजे सगळी जुनी दरबारी माणसं. संस्थान गेलं, मान गेला नाही. समोरचे मल्हारराव काठी टेकत आले. दसऱ्याच्या स्वारीत त्यांच्या आजोबांकडे अब्दागिरी धरण्याचा मान होता.

"टोळीत मी आहे ना?"

"आहात ना. तुम्ही काय होणार? तलवार?"

"तलवार अडाण्याने धरावी. मी मॅट्रिक आहे. मला मंत्रवाला कर."

"मग मागे उभं राहावं लागेल," मास्तर म्हणाले.

"मागे?" मल्हाररावांची काठी फरशीवर आपटली. "चार पिढ्यांत आमच्यातला कोणी मागे उभा राहिलेला नाही!"

तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगात तीन आणे जीव असलेले मल्हारराव मंत्रवाले म्हणून सगळ्यांत पुढे उभे राहिले. त्यांच्या शेजारी, मान म्हणून, गल्लीतलेच दोन म्हातारे पुजारी. मास्तर आणि मी तलवारवाले, पण वयाने लहान म्हणून मागे, जिथून तलवार कोणाला पोचत नाही. शिवणकाम करणाऱ्या विनोदिनीबाई "मला पण घ्या भिया" म्हणाल्या, तेव्हा चोराची जागा उरली होती. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. अशी टोळी त्या खेळाने जन्मात पाहिली नसेल.

पहिल्याच बोळात एक बुरखेवाला बुटका भेटला आणि त्याने पुढच्या माणसाला एकदाच टोचलं. मल्हारराव गेले. आम्ही हसून हसून लोळलो.

संध्याकाळी मल्हारराव मोरीत घसरले आणि मनगट मोडून बसले.

दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंनी खेळात एक पेटी उघडली. पेटीला विषारी सुई होती, ती त्यांच्या बोटात गेली. त्याच दुपारी मशीनवर ब्लाउज शिवताना खरी सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. तेच बोट होतं का, हे विचारू नका. खेळात बोट दाखवत नाहीत.

यानंतर गल्ली आमच्या ओसरीत भरली. मल्हारराव प्लास्टर घालून आले. त्यांची तक्रार वेगळीच होती. "मेलो त्याचं काही नाही. पण माझ्या मागचे कसे जिवंत राहिले?" विनोदिनीबाईंना आपण चोर आहोत हे कुठून तरी कळलं होतं. "सुई टोचली ते सोडा, पण मला चोर केलं! आता माझ्याकडे कपडा कोण टाकेल?" कोणी म्हणालं सत्यनारायण घाला. कोणी म्हणालं याला लिंबू-मिरची बांधा. मोनू म्हणाला, "एंटीवायरस डलवा लो." विनोदिनीबाईंनी शनीचं तेल आणलं आणि कोणी अडवायच्या आत बटणांच्या पाटीवर सात थेंब वाहिले. त्या दिवसापासून पुढे चालायचं बटण चिकट झालं, दाबलं की वर यायला वेळ घ्यायचं.

शेवटी एक शिपाई आला. कोणीतरी अर्ज दिला होता की इथे जादूटोणा चालतो. त्याने खुर्ची ओढली. "बिना पूछे किसी का नाम डालना गलत बात है. जिसका नाम है, उससे लिखवा के लाओ कि हमें आपत्ति नहीं." मी म्हणालो, साहेब, एक जण मेलेला आहे, त्याच्याकडून कसं लिहून आणू? "कौन मरा?" मी प्लास्टरमधल्या मल्हाररावांकडे बोट दाखवलं. शिपायाने प्लास्टर बोटाने ठोकून पाहिलं. मग उठता उठता हळूच म्हणाला, "इसमें पुलिस का कोई पद है क्या? मोटी ढाल वाला?"

त्याला घेतलं नाही. जिवंत माणसाचं नावच नको असं मी ठरवलं. नेमका पितृपंधरवडा लागला होता, म्हणून सुचलं असेल. मी मास्तरांना म्हणालो, "गेलेल्यांची टोळी करू. मेलेल्याला मरणाची काय भीती? आणि मानपानाचं भांडण नाही. जो आधी गेला तो पुढे."

मास्तरांना पटलं. माझे आजोबा, माझे वडील आणि मास्तरांचे आजोबा पुढे. मास्तरांचे वडील आणि माझा थोरला भाऊ मागे. पाच झाले. सहावी जागा रिकामी राहिली.

मी न विचार करता म्हणालो, "वहिनींचं नाव घाला."

मास्तरांची बोटं थांबली. "तिचं कशाला? ही गेलेल्यांची टोळी आहे ना?"

मी जीभ चावली. आता सांगतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मास्तर आणि वहिनी दोघेही आजारी पडले. वहिनींना इंदूरला नेलं. मास्तर इथे धारला खाटेवर होते. नऊ-दहा दिवसांनी फोन आला. तेव्हाचे नियम तसे होते, दहन तिथल्या तिथे झालं, मुलगीही पोचू शकली नाही. प्रेत कोणी पाहिलं नाही. राख कोणाची कुठली ते त्या गर्दीत कळायला मार्ग नव्हता. मास्तर बरे होऊन उठले तेव्हा तेराव्याचाही दिवस उलटून गेला होता. त्यांनी एकच वाक्य धरलं, "मी पाहिलं नाही." भिंतीवर फोटो नाही, श्राद्ध नाही, वर्षश्राद्ध नाही. वहिनींच्या चपला उंबऱ्याजवळ, बाहेर जाण्याच्या दिशेला तोंड करून. मुलगी देवश्री देवासहून येऊन रडली, भांडली. मास्तर म्हणायचे, "पाहिलं नाही ते मी कसं म्हणू?" गल्लीत त्यांच्यासमोर कोणी वहिनींबद्दल 'होत्या' असं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःहून आले, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. "खंडोजी, मी विचार केला. पाच गेलेले आहेत. त्यांना वाट कोण दाखवणार? बरोबर एक जिवंत माणूस पाहिजे." आणि सहाव्या जागेवर त्यांनी एकेक बटण दाबत लिहिलं, सुमंगला. पुजारीण. जखम बरी करणारी. सगळ्यांत मागे.

माझ्या अंगावर काटा आला. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत प्रथमच ऊन पडलं होतं, तेव्हा मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

ती टोळी खाली उतरली आणि थांबेचना. मोनू बघायला आला आणि डोकं खाजवत राहिला. "भिया, इतने दिन में तो लोग तीसरी मंज़िल भी नहीं देखते. ये तो सातवीं पे घूम रहे हैं." माझे आजोबा हयातीत गावच्या देवीसागर तळ्याच्या पलीकडे गेले नव्हते. ते इथे राक्षसांची मुंडकी उडवत होते. हे एक वेळ मी पूर्वजांची पुण्याई म्हणून सोडून दिलं असतं. पण वहिनींना काहीच लागत नव्हतं. पुढून आग येई, पाचही भाजत. मागून कोणी झडप घाली, शेजारच्या भावाला लागे. वहिनींचा आकडा पहिल्या दिवशी होता तसाच. जणू तो खेळ त्यांना मोजतच नव्हता.

मास्तर रोज दुपारी येत. आमची मंडळी दोन कप चहा ठेवी. मास्तर तिसरा मागून घेत आणि पडद्याच्या बाजूला ठेवत. खेळता खेळता बोलत, "देवश्रीचा फोन होता. तिच्या ऑफिसात बदल्या चालल्यात. आज आठव्याला जायचं का? दमली नाहीस ना?" एकदा तिसरा कप उचलायला गेलो तर रिकामा. मास्तर म्हणाले, मीच प्यालो. असेल. पण माझं लक्ष होतं आणि त्यांचे दोन्ही हात बटणांवर होते.

मी मंडळीला सांगितलं. ती म्हणाली, "तो डबा बंद करा."

"आणि मास्तर?"

 दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कपात तिने साखर कमी घातली. वहिनींना गोड चालायचं नाही.

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे पान वाढलं होतं. कावळा काही शिवेना. मी गच्चीवर काव काव करत होतो, खाली मास्तर एकटेच खेळत होते. त्यांची हाक आली. धावत आलो तर मास्तर हात वर करून बसले होते, बटणांना कोणी हात लावलेला नव्हता, आणि टोळी चालत होती. भिंत, वळण, भिंत, दार. पुढे चालायचं बटण खाली चिकटलेलं होतं. शनीचं तेल, दुसरं काय. मी नखाने ते उचकटायला गेलो, ते येईना. जिना आला. नववा. पुन्हा चाल. पुन्हा जिना. मी वायर उपटायला वाकलो तर मास्तरांनी माझा हात धरला. "नको! मध्येच अंधारात बंद पडली तर?"

दहाव्या मजल्यावर त्यांना कोण भेटलं ते वाचायच्या आत पडदा लाल झाला. सहाही ओळी एकदम बदलल्या. मास्तरांनी वाचून दाखवलं नाही. त्यांनी उभं राहून धोतर झटकलं आणि म्हणाले, "खाली राहिली."

घरी जाऊन ते आडवे झाले ते उठेनात. पेज दिली तर दोन घोट. मी जाऊन सांगे, मास्तर, खेळ आहे तो. ते म्हणत, "तू बरोबर आहेस. पण ती खाली आहे, आणि तिला कोणी आणायला गेलं नाही. पुन्हा."  देवश्री आली आणि बापाला गाडीत घालून देवासला घेऊन गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

दसऱ्यानंतर तिचा फोन आला. "काका, बाबा जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात सलाइनवर किती दिवस ठेवणार, जगायची इच्छाच पाहिजे. ते एकच म्हणतात, खंडोजीला डबा घेऊन बोलव." मग तिचा आवाज फाटला. "आईला तर पाहता आलं नाही. आता हे पण जातील."

मोनूने सांगितलं, जे काय आहे ते डब्यात आहे, टीव्ही नेऊ नका, पडदा तिकडे मिळेल. मंडळीने डबा लाल सुती कापडात गच्च बांधला. मी म्हणालो, लाल कशाला? ती म्हणाली, "सत्यनारायणाच्या चौरंगाचं आहे. दुसरं धुतलेलं नाही."

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. आमच्या माळव्यात नर्मदेवर किंवा गंगेवर अस्थी न्यायच्या तर अशाच कापडात, मांडीवर, खाली न टेकवता नेतात. हे मला शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने हात जोडले तेव्हा लक्षात आलं.

"घर का हे कोई?" तिने विचारलं.

खोटं कसं बोलू? डब्यात वहिनी होत्या. "भाभी हैं," मी म्हणालो.

तेवढ्यात कंडक्टर आला. "इसका टिकट लगेगा. लगेज है."

मी भांडायला तोंड उघडलं, पण म्हातारीच त्याच्यावर धावून गेली. "लगेज कई बोले रे! सवारी को टिकट दे! बिना टिकट ले जाय तो जीव रस्ता में अटकी जाय!" कंडक्टर वरमला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि एक पूर्ण टिकट फाडलं, इंदूरपर्यंतचं. पलीकडच्या दोघा-तिघांनी सरकून डब्याला खिडकी दिली. मग म्हातारी मला म्हणाली, "बोलता जाजो, भई. पुल आवे तो बताजो."

आता सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, मला रीत ठाऊक आहे. अस्थी नेताना वाटेत सांगत जायचं, नाहीतर जाणारा चुकतो. मी घसा खाकरला. "वहिनी, घाटाबिल्लोद आलं." थोड्या वेळाने, "वहिनी, इंदूर आलं. इथे उतरून दुसरी गाडी घ्यायची आहे." इंदूर म्हणताना मांडीवरचा डबा मला एकदम जड लागला. रस्ता खराब होता, गाडी आदळत होती, म्हणूनही असेल. पण इंदूर सुटलं आणि तो हलका झाला, आणि तिथे रस्ता काही चांगला नव्हता.

देवासला देवश्रीच्या घरात खिडकीतून देवीची टेकडी दिसते. मास्तर पलंगावर, नुसता सांगाडा. डबा पाहिला आणि उठून बसले. देवश्रीने आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पडदा आणि बटणं जोडून दिली आणि मग दाराशी उभी राहून मला म्हणाली, "काका, तुम्ही शहाणे ना? दोन म्हातारे मिळून माझ्या आईला आणखी किती वेळा मारणार?"

 मी मास्तरांकडे पाहिलं.

"मारायला नाही," मास्तर म्हणाले. "आणायला."

मी म्हणालो, तगडी टोळी करू. गल्लीतून फोन आलेच होते. मल्हारराव म्हणत होते, मनगट सांधलंय, मला पुढे घाल. मास्तरांनी मान हलवली. "मी एकटा जातो."

"मास्तर, नवा माणूस, अंगावर कपडा नाही, हातात काठी नाही. पहिल्या बोळातला उंदीर तुम्हाला खाईल. आणि तुमचं नाव... जिवंत माणसाचं नाव..."

"बायको यमाच्या मागे गेली तर तिची पूजा करता. नवरा गेला तर खेळ म्हणता?" हे ते इतक्या हळू बोलले की मी बटणांची पाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी लिहिलं, गोपाळ. पाच जागा रिकाम्या.

मास्तर खाली उतरले. मी पुढचा बोळ ओळखत होतो. तो बुरखेवाला बुटका तिथेच भेटतो. भेटला नाही. दुसरं वळण, तिथे कुत्र्यांची टोळी असते. नव्हती. दुसरा मजला, तिसरा. पंधरा दिवस जिथे पावलापावलाला मारामारी झाली, तिथे कोणीही नव्हतं. मसणात एकटा माणूस चालला की कुत्री भुंकत नाहीत, तसं. देवश्री पोळ्या सोडून आली होती, तिच्या हाताला कणीक होती. ती म्हणाली, "काका, यात माणसं नसतात का?" मी म्हणालो, असतात. तिने मागून खुर्चीची पाठ धरली.

दहाव्या मजल्यावर एका कोपऱ्यात पडद्यावर ओळ आली. मास्तरांनी वाचली, "इथे कोणीतरी आहे." सहा नावं. मास्तरांनी फक्त एक उचललं.

"आणि बाकीचे?" माझे वडील होते तिथे.

"ते त्यांच्या वेळी नीट पोचवलेले आहेत, खंडोजी. तू स्वतः पाणी दिलंस."

आणि ते वळले. पहिल्याच वळणावर समोर उभे राहिले, तेच, ज्यांनी अमावास्येला पडदा लाल केला होता. एकटा म्हातारा आणि खांद्यावर बायको. मी डोळे मिटले. मास्तर वाचत होते, "हे तुम्हाला ओळखतात. लढायचं, की वाट मागायची?" त्यांनी वाट मागितली. ते बाजूला झाले. नवव्या मजल्यावर दुसरे भेटले. बाजूला झाले. आता प्रत्येक बोळात कोणी ना कोणी होतं, कुत्री, बुरखेवाले, हाडांचे सापळे, आणि सगळे तेच करत होते. तिरडी निघाली की रस्त्यातली माणसं दुकानाच्या फळीला चिकटतात ना, तसे. देवश्रीने पदर तोंडाला लावला. कुठे तरी टाळ वाजल्यासारखं झालं. तो टेकडीवरच्या आरतीचा आवाज असावा. आरतीची वेळ नव्हती.

गाव आलं. मंदिर आलं. मास्तरांनी जवळचं सगळं देऊन टाकलं आणि पुजाऱ्याने प्रयत्न केला. पडद्यावर एकच शब्द आला.

"राख," मास्तरांनी वाचलं.

खाली दुसरी ओळ होती, पुन्हा प्रयत्न करायचा का? जमलं तर वहिनी उठल्या असत्या. मास्तरांचं बोट बटणाच्या वर थांबलं. देवश्री पलीकडून वाकली.  एवढं मला कळत होतं की आता हा माणूस जे दाबेल त्यावर तो जेवणार की नाही हे ठरणार आहे.

"राख मिळाली की," मास्तर म्हणाले. आपल्याशीच बोलल्यासारखं. "दोन वर्षं मी म्हणतोय, माझ्या हातात राख पण आली नाही." त्यांनी हात मागे घेतला. "आता मंदिरवाल्याचं काम नाही. देवश्री, गाडी आहे ना? नेमावरला नर्मदा किती लांब?"

"आहे, बाबा. खातेगांवच्या पुढे."

"उद्या जाऊ. आणि आज भूक लागलीय मला."

देवश्रीने पोळ्या लाटल्या. ती लाटत होती आणि रडत होती, आणि मास्तर खात होते. एवढा मोठा माणूस मी इतका वेळ जेवताना पाहिला नाही.

नेमावरच्या घाटावर वेगळीच अडचण आली. भटजींनी दर्भ, तीळ, पिंड सगळं मांडलं आणि विचारलं, "अस्थी?"

"नाहीत," मी म्हणालो.

"फिर विसर्जन किसका?" भटजी वैतागले. "शरीर नहीं देखा, अस्थी नहीं, तो विधि अलग है, उसका सामान अलग है..."

मी त्यांना डब्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की भंगारवाला बरा. तेव्हा मास्तर माझ्या पुढे झाले. सोवळं नेसलेले, पाण्यात घोट्यापर्यंत उभे.

"राख मी वर आणली आहे," ते म्हणाले. "ते तुम्ही माझ्यावर सोडा. तुम्ही दर्भाचा देह करून विधी करा."

भटजींनी खांदे उडवले, पळीत पाणी घेतलं आणि संकल्पाला थांबले. "नाम? कब गए?"

देवश्रीने माझा हात धरला. गल्लीत दोन वर्षं ज्याच्यासमोर कोणी 'होत्या' म्हणत नव्हतं, त्या माणसाने ओंजळ पुढे केली.

"सुमंगला गोपाळराव भोईटे. माझी बायको," मास्तर म्हणाले. "हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीस एप्रिल दोन हजार एकवीसला, इंदूरला वारली."